पहिली कात्री

नत्थूकाकांनी अंगणात सतरंजीवर पिशवी उघडली, कात्री रुमालाने पुसली आणि विचारलं, "पहिले कोण?"

"वेदिका," कामिनी पटकन म्हणाली. इतकी पटकन, की तिची तिलाच लाज वाटली.

रुपराव केव्हाचा पाटावर मांडी घालून बसला होता. कामिनीचा मोठा भाऊ, म्हणजे जुळ्यांचा मामा. घरच्या रीतीप्रमाणे बाळाचं जावळ मामाच्या मांडीवर निघतं, पहिली कात्री तिथेच लागते. दोनदा बेत ठरला होता आणि दोन्ही वेळा मुलांच्या तापाने मोडला होता. आता मुलं अडीच वर्षांची झाली. या खेपेला रुपरावने कोराडीच्या वीज केंद्रातली ड्यूटी बदलून घेतली, इतवारीच्या बाजारातून भाचरांना कपडे आणले, स्वतःलाही सदरा घेतला. आज सकाळी पुण्याची गाडी यायच्या तासभर आधीच तो नागपूर स्टेशनवर उभा होता.

कामिनीची धास्ती मात्र पुण्यापासूनच सोबत आली होती. विहंगच्या केसांना महिन्यापूर्वीच कात्री लागली होती. हा पराक्रम तिच्या नवऱ्याचा, अश्विनचा. पोराच्या डोळ्यांत केस येतात म्हणून त्याला मॉलमध्ये नेलं, मोटारीसारख्या खुर्चीत बसवलं आणि कापून आणलं. वर फुगा फुकट मिळाला म्हणून बापलेक दोघंही खूश. जावळ राहिलंय हे साहेबांच्या गावीही नव्हतं. केस थोडेच कापले होते आणि महिनाभरात वाढलेही, बघणाऱ्याला कळलं नसतं. दादाला फोनवर सांगून टाकायचं तिने चारदा ठरवलं. पण तो दरवेळी आज काय आणलं ते सांगत सुटायचा आणि हिची जीभ उचलायची नाही.

वेदिका मामाच्या मांडीवर बसली, रडली, बिस्किट मिळाल्यावर गप्प झाली. कामिनीची आई, रुखमाबाई, कणकेचा गोळा ताटलीत घेऊन शेजारी बसल्या होत्या. निघालेली प्रत्येक बट त्या गोळ्यावर ठेवायची, जमिनीवर पडू द्यायची नाही. अशा बाबतीत रुखमाबाई कोणाचं ऐकत नसत.

"आमच्या घरी मामाच्या आधी केसाले कोणाचा हात लागत नाही," त्या जावयाला सांगत होत्या. "तुमच्याकडे कसं करते, जावईबापू?"

"हो, हो," म्हणून जावईबापूंनी मोबाइलमध्ये तोंड खुपसलं.

मग विहंगची पाळी आली. नत्थूकाकांनी त्याच्या मानेवरची बट उचलली, पण कात्री लावली नाही. बटेचं टोक दोन बोटांत चोळलं. मग ताटलीतली वेदिकाची बट घेऊन तिचंही टोक चोळलं. पन्नास वर्षं डोकी हाताळलेला माणूस. जन्मापासून न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं आणि एकदा कात्री लागली की ते बोथट होतं, हे कामिनीला ठाऊक नव्हतं. पण त्या बोटांकडे पाहून तिला कळायचं ते कळलं. पोराला उचलावं आणि सरळ स्टेशन गाठावं असं तिला वाटलं.

"काहून थांबले, काका?" रुपरावने विचारलं. "काही झालं काय?"

नत्थूकाकांनी मान वर केली. त्यांनी कामिनीकडे पाहिलं, क्षणभरच.

"काही नाही गा. इतकं मऊ जावळ लय दिवसांत हातात नव्हतं आलं. पोराले घट्ट धर बरं."

कात्री चालू लागली. रुपराव भाच्याच्या डोक्यावर वाकून प्रत्येक बट पाहत होता. त्याचे डोळे भरून आले आणि ते पुसायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही.

केस निघाल्याबरोबर विहंगने हात पुढे केला. "फुगा?"

अश्विनच्या हातून मोबाइल निसटला.

"फुगा काय मांगतं रे बाप्पा," रुपरावने त्याला उचलून खांद्यावर घेतलं. "दहा फुगे घेऊन देतो तुले. चाल." आणि तो तसाच, सदऱ्याला चिकटलेल्या केसांसकट, कोपऱ्यावरच्या दुकानाकडे निघाला.

नत्थूकाका नळावर कात्री धुवत होते. कामिनी चहा घेऊन गेली. तिला खूप बोलायचं होतं, पण कप पुढे करताना तिच्या तोंडून "काका" एवढंच निघालं. रडू येतंय की हसू, तेही तिला कळेना.

"राहू दे वं," नत्थूकाका हळूच म्हणाले. त्यांनी चहाचा एक घोट घेतला. "तुह्या जावळाच्या दिवशीबी असंच झालं होतं. समोरचे केस कोणीतरी शिलाईच्या कात्रीनं वाकडेतिकडे कापून ठेवले होते. तुहे मामा असेच पाटावर बसले होते. मी वैनीकडे पाह्यलं. आज तुहं झालं होतं ना, तसंच तोंड झालं होतं तिचं."

कामिनीने वळून पाहिलं. ओसरीवर रुखमाबाई हातात ताटली घेऊन उभ्या होत्या. कधीपासून, कोण जाणे.

"काय बोलून राहिले गा नत्थूभाऊ एवढं?"

"काही नाही, वैनी. चहा फक्कड झाला म्हणून राहिलो पोरीले."

रुखमाबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. ताटलीवर पदर ओढून घेतला.

"भाऊले आणखी एक कप दे वं, कामिनी," त्या म्हणाल्या. "अन् साखरेले हात आखडू नको."