सपाट जमिनीवरची ठेच

पूल ओलांडून सपाट जमिनीवर येताच गेममधला नायक पुन्हा अडकला. समोर भिंत नाही, खड्डा नाही, तरी गडी जागच्या जागी पाय आपटत होता.

"तुझ्या फरशा नीट जुळलेल्या नाहीत," ती म्हणाली.

"फरशा जुळल्यात. तुझा कोड आंधळा आहे," नवरा म्हणाला.

गेम दोघांचा. चित्रं त्याची, कोड तिचा. दोघांनी नोकऱ्या सोडून सगळी मदार त्यावरच ठेवली होती. पडद्यावरची जमीन म्हणजे चौकोनी फरशांची ओळ. तिच्या मते एखादी फरशी केसभर वर आली होती. त्याच्या मते नायकच केसभर खाली रुतत होता आणि तिचा कोड पुढच्या फरशीच्या कडेला भिंत समजत होता. त्याचा उपाय सोपा होता: कोडने आधी नायकाची आडवी चाल तपासायची, मग उभी, की झालं. त्याचं बरोबर असावं असं तिलाही मनातून वाटत होतं. पण चित्रकाराने आपल्याला कोड शिकवावा, हे तिच्या घशाखाली उतरेना.

मग अबोला सुरू झाला. जेवताना निरोप सासूबाईंमार्फत जाऊ लागले.

"आई, त्याला सांगा, फरशी घास म्हणावं."

"आई, तिला सांग, कोडला चष्मा लाव म्हणावं."

सासूबाई मधे काही सांगू पाहत, तोवर पुढचा निरोप तयार असे. कंटाळून त्या दुपारभर तोच गेम खेळत बसत.

गेम विकत घ्यायला एका कंपनीच्या बाई आल्या, त्या दिवशीही अबोला होताच. "खेळून दाखवा," बाई म्हणाल्या. तिने त्याच्याकडे पाहिलं, त्याने छताकडे.

"आणा इकडे," म्हणत सासूबाईंनी रिमोट हातात घेतला.

पूल आला तसे तिने डोळे घट्ट मिटले. पाय आपटल्याचा आवाज येईना. डोळे उघडले तर नायक शेवटच्या दारात उभा.

"चाल कशी लोण्यासारखी आहे," बाई म्हणाल्या. "आजच बाजारात आणते." सह्या झाल्या, बाई गेल्या.

तिला भरून आलं. बिचाऱ्याने गुपचूप फरशी घासली, वर बढाईही मारली नाही. ती स्वयंपाकघरात त्याच्यामागे गेली.

"माझंच चुकलं," ती म्हणाली.

"नाही, माझं," तो म्हणाला. "तू कोड बदललास आणि बोललीसही नाहीस."

"मी कुठे बदलला? तू फरशी घासलीस ना?"

"मी हातही लावला नाही."

दोघंही बाहेर येऊन सासूबाईंसमोर उभी राहिली.

"आई, मग दुरुस्त कोणी केलं?"

"दुरुस्त कसलं? मी तिथे उडी मारते," सासूबाई म्हणाल्या. "त्या बाईंना सांगायला हवं होतं का गं?"