सबटायटल

कुणी थिएटर देईना, म्हणून माहितीपट अर्धापुरात केळी पिकवायच्या खोलीत दाखवला. विषय होता दाबलेले आवाज. अशा फिल्मांत नांदेडची, चित्रप्रदर्शनं भरवणारी क्युरेटर वर्षाराणी हमखास असायची. पडद्यावर ती म्हणाली, "चित्रं काय कुणाच्या बापाची हायेत का?" खाली मराठीतच सबटायटल उमटलं : 'कला सर्वांची असते.'

सगळी खोली हसली. प्रेक्षकांत बसलेली वर्षाराणी हसली नाही.

"ताई, तुमचं बोलणं सगळ्यांना कळायला हवं ना," पुण्याचा दिग्दर्शक म्हणाला. "पुढच्या फिल्ममध्येही तुम्ही हव्यातच."

"येते की. पण मग तुमच्या प्रश्नांखाली बी सबटायटल टाका."

"माझ्या? अहो, मी मराठीच बोलतो."

"मग मी काय बोलायले होते?"