सात दिवस पाणी

वरच्या मजल्यावरच्या राहतभाभींच्या एसीचं पाणी बद्रीनाथच्या बैठकीच्या भिंतीत मुरायचं. दोन महिने तो जिन्यात उभा राहून घसा कोरडा पडेस्तोवर भांडला, तेव्हा कुठं भाभींनी एसीचा पाइप गटारात सोडला. मग कमरोद्दीन मिस्त्रीनं फुगलेला गिलावा खरवडून नवा चढवला.

निघताना मिस्त्री म्हणाला, "सात दिवस सकाळ-संध्याकाळ भिंतीवर पाणी मारा. नायतर तडे जातील, मग मला बोलायचं नाय."

बद्रीनाथनं टाकीत डोकावलं, तर तळ दिसत होता. नळ येऊन चार दिवस झालेले, अजून चार दिवस तो येणार नव्हता.

संध्याकाळी बद्रीनाथ बादली घेऊन जिना चढला.

"भाभी, तो गटारातला पाइप जरा ह्या बादलीत सोडता का?"