दोन ठोके

स्वयंपाकघरातली भेग आता पाळण्याखाली पोचली होती. बायकोनं भेगेवर बोट ठेवलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो पाटावर बसला.

फरशीच्या मधोमध माणूस उतरेल एवढा खड्डा होता, त्यात शिडी. खाली त्यानं आपल्याच घराच्या पोटात बोगदा खणला होता, कोबाल्टच्या दगडासाठी. आज तो बुजवायचा असं ठरलं होतं. वाळूही दारात येऊन पडली होती. पण सकाळी व्यापारी आला. त्याची विजेवरची गाडी दारात कधी उभी राहिली ते कुणाला कळलंच नाही. धूर नाही, आवाज नाही. अशा गाड्यांच्या बॅटऱ्यांना हाच दगड लागतो, जगाची हवा शुद्ध होतेय, पुण्याचं काम आहे, असं म्हणत तो भाव वाढवून गेला.

"एकच पोतं," नवरा म्हणाला. "मग वाळू मीच ओततो."

"मागचंही शेवटचंच होतं. तुमच्या शेवटाला शेवट नाही."

कोपऱ्यात सासू पाळण्याची दोरी ओढत होती. म्हातारीला दिसत नसे, पण कान शाबूत होते.

तो खाली असला की बायको ताट वाढून बत्त्यानं फरशीवर तीन ठोके द्यायची. म्हणजे, या जेवायला. खालून तो हातोडीनं दोन द्यायचा. म्हणजे, आलो. आज ताट त्याच्यासमोर ठेवलं, आणि रागात म्हणा, सवयीनं म्हणा, तिनं बत्ता उचलून तीनदा ठोकला.

"अगं, मी समोर बसलोय," नवरा हसला. "आता काय कपाळावर ठोकून बोलावणार?"

तिलाही हसू फुटलं.

खालून दोन ठोके आले.

त्याचा घास हातातच राहिला. शेजाऱ्यांच्या बोगद्यातून म्हणावं, तर ते कधीच घर सोडून गेलेले. त्यांचा खड्डा यानंच भरून दिला होता. हातोडी दाराशी, रिकाम्या पोत्यावर पडलेली दिसत होती.

तो उठला. नाही उतरत, पुन्हा कधीच नाही, आत्ताच बंद करतो, असं पुटपुटत भिंतीला टेकवलेली जाड फळी खड्ड्यावर ओढू लागला. बायकोनं दुसरं टोक धरलं. तेवढ्यात शिडी करकरली, खालच्या पायरीवर कुणी पाय ठेवावा तशी. मग त्याच्या वरची.

पाळण्याची दोरी थांबली.

"फळी राहू दे, लेकरा," म्हातारी म्हणाली. बाळाला निजवतानाचाच तो आवाज होता. "इतके दिवस आपण त्यांच्या घरचं उचलून आणलं. आज बोलावलंय, तर उपाशी कसं धाडायचं? सूनबाई, आणखी एक ताट वाढ."