ड्रायव्हरमावशीची जादा फेरी

शाळेच्या बसची ड्रायव्हरमावशी रिटायर झाली आणि पायाला भिंगरी लागली. "आई, घरात येरझारा नको घालूस, डोंगर बघून ये," म्हणत लेकीनं गाडी दिली. मावशी एकटीच निघाली, पण जंगल असो की दरी, कुठंही बूड टेकेना. पोरांच्या गोंगाटाशिवाय गाडी चालवण्यात राम कसला! एका वळणावर दार उघडं टाकून धबधबा बघायला उतरली आणि लगेच परतली. "बसलात का रे सगळे?" सवयीनं ओरडून मागं पाहिलं, तर सीटवर अस्वलाचं पिल्लू बिस्किटं खात होतं आणि बाहेर त्याची आई दात विचकत उभी! मावशीच्या तोंडून आवाज मात्र बसमधलाच निघाला. "लबाडा, उतर! आई न्यायला आलीय, दिसत नाही?" पिल्लू मुकाट उतरलं. आईनं धपाटा घातला आणि बाकीच्या आयांसारखीच थँक्यू न म्हणता चालती झाली.