मुंग्यांची धाड

पीठसाखरेची वाटी घेऊन भूमिका बांधावर आली आणि जागीच थिजली. लिंबाखालच्या काळ्या मुंग्यांच्या वारुळावर धाड पडली होती.

केळीच्या खोडांमधून बारक्या तांबूस मुंग्यांची वेणीएवढी जाड रांग चालून आली होती. या जातीला डोळे नसतात, कायमचं घरही नसतं. पुढचीच्या वासावर मागची चालते, आणि वाटेत दुसरीचं घर लागलं की ते धुऊन नेते. रांगेची एक बाजू वारुळात शिरत होती. दुसरी तांदळाएवढी पांढरी पिल्लं तोंडात धरून बाहेर पडत होती.

भूमिका त्या पिल्लांकडेच बघत राहिली. आधीचे दोन गर्भ तिला लाभले नव्हते. हा तिसरा राहिला, तेव्हा सासूबाईंनी, इंदिराबाईंनी, बजावलं होतं, "रोज मुंगीले पीठ घाल, माय. तिनं घर भरेल ऱ्हायनं, ते तुनं बी भरेल ऱ्हाई."

तिने सगळी वाटी धाडीच्या वाटेत उपडी केली. खा आणि जा गं बायांनो! रांग साखरेवरून तशीच चालत गेली. एकीनेही तोंड लावलं नाही. त्यांना साखर नको होती, पिल्लं हवी होती.

तिची किंकाळी ऐकून नवरा, योगराज, ट्रॅक्टरजवळची डिझेलची बाटली घेऊन धावत आला. "सरक व! बठ्ठ्यास्ले जाळी टाकस."

"नही! मझार लेकरे शेतस!" भूमिका ओरडली. वारुळाच्या आत अजून पिल्लं होती.

काही काळ्या मुंग्या आपापलं पिल्लू घेऊन गवताच्या पात्यांवर चढल्या होत्या. पाती वाकत होती आणि त्या परत खालच्या रांगेतच पडत होत्या. डॉक्टरांनी वाकायचं नाही म्हणून सांगितलेलं. ती गुडघ्यांवर बसली आणि पात्यांच्या टोकांना हात लावून धरला. मुंग्या हातावर आल्या. मनगट, मग कोपर. भेदरलेल्या, कडकडून चावणाऱ्या.

"येडी व्हयनी का? चावी ऱ्हायन्यात त्या तुले!"

"चावू द्या," ती रडत म्हणाली. "मना हात हालाले नको फक्त."

योगराजने बाटली बाजूला ठेवली, तिच्याशेजारी मातीत बसला, आणि तिच्या कोपराखाली आपला तळवा धरला.