लोहपक्ष्याचा नवा आवाज

नव्या लोहपक्ष्याने पडद्यावर तोंड उघडलं आणि तिसऱ्या रांगेतून कुणीतरी खो खो हसलं.

"ऐकलंस?" नवरा तिच्या कानाशी लागला. "हा शहर वाचवायला निघालाय, की दूध नासलं म्हणून तक्रार करायला?"

"हळू बोला हो," ती म्हणाली. पण तिलाही हसू आवरेना.

पहिल्याच दिवशीचा दुपारचा खेळ, थिएटर गच्च भरलेलं. लोहपक्ष्याचे चार जुने चित्रपट बघत वाढलेली सगळी मंडळी आली होती. ते चित्रपट मुळात परक्या भाषेतले. नट तिकडचा, पण इथे त्याच्या तोंडून बोलला तिचा नवरा. डबिंगवाल्याचा चेहरा कोण ओळखणार? तरी भाजीच्या दुकानात त्याने नुसतं 'अर्धा किलो द्या' म्हटलं, की चार माणसं वळून बघायची. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मग कामं कमी होत गेली आणि वळून बघणारेही.

तीन महिन्यांपूर्वी कळलं, की लोहपक्षी पुन्हा पहिल्यापासून काढताहेत. स्टुडिओने त्याला आवाजाच्या चाचणीला बोलावलं, तेव्हा घरात नुसता उत्साह. तो इस्त्रीचा शर्ट घालून गेला. संध्याकाळी परत आला आणि चपला काढता काढता म्हणाला, "लोहपक्षी एका नव्या पोराला दिलाय. माझा आवाज म्हातारा झालाय म्हणाले."

"बाबा, अजून काय म्हणाले?" लेकीने खोदून विचारलं.

"ते सांगण्यासारखं नाही."

तेव्हापासून तो घरात बोलेनासाच झाला. विचारलं तर मान हलवायचा. गार पाणी बंद केलं. दोनदा तर दुपारभर कुठेतरी फिरून आला. सकाळी बाथरूमचं दार लावून घेऊन घशातल्या घशात हुंकार भरत बसायचा. इतक्या वर्षांची सवय, बिचाऱ्याला मोडवत नसेल, असं म्हणून ती बाहेर भांडी जरा जोरात आपटायची, म्हणजे आपण ऐकतोय हे त्याला कळू नये. हा माणूस असाच मिटत गेला तर काय करायचं, ही धास्तीच तिने घेतली होती.

म्हणूनच त्याने स्वतःहून लेकीला तिकिटं काढायला सांगितल्यावर तिने आधी नकोच म्हटलं. दुसऱ्याच्या तोंडी आपला लोहपक्षी ऐकायचा, तोही टाळ्यांच्या कडकडाटात? कशाला जिवाला त्रास?

आता मात्र तिची भीती पार पळाली होती. चित्रपट पडत होता आणि नवरा खुलत होता. नवा लोहपक्षी ढगांतून उडायचा, पण डोक्यावरचा एक केस हलायचा नाही. खलनायकासमोर उभा राहून तो स्वतःच्या बालपणाबद्दल पाच मिनिटं बोलला. मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, मार एकदाचा!" सगळं थिएटर हसलं आणि नवऱ्याने मांडीवर थाप मारली. शेकडो माणसांची मेहनत होती ती, वाईट वाटायला हवं होतं. तिला अजिबात वाटलं नाही. तीन महिन्यांनी तिचा नवरा हसत होता.

मध्यंतरात शेजारच्या खुर्चीतला माणूस तिच्या नवऱ्याशी बोलू लागला. अंगात लोहपक्ष्याचा जुना टी-शर्ट, पोटावर ताणून पक्षी चांगलाच रुंद झालेला.

"वाट लावली हो! आमच्या वेळचा आवाज काय होता! अंगावर काटा यायचा. कोण होता तो, कुणास ठाऊक."

लेक तोंड उघडणार, तोच बापाने तिचा हात दाबला.

"असेल कुणीतरी," तो म्हणाला.

मध्यंतरानंतर एकेक जण उठून जायला लागला. टी-शर्टवाल्यानेही पिशवी उचलली.

"बसा हो," नवरा म्हणाला. "तिकीट पूर्ण चित्रपटाचं काढलंय ना?"

"आता राहिलंय काय बघण्यासारखं?"

"बघू या तरी."

टी-शर्टवाला पुन्हा बसला. तिने नवऱ्याला कोपराने ढोसलं. "आपणही निघू या ना. झालं की नाही समाधान?"

"अजून नाही."

"बाबा, किती मजा घ्याल दुसऱ्याच्या फजितीची?" लेक हसत म्हणाली आणि पॉपकॉर्नचा पुडा त्याच्या मांडीवर ठेवला. ती नवऱ्याचा हात धरून बसली. हात गार पडला होता. एसी जरा जास्तच होता.

शेवटी पडद्यावर एक आख्खी इमारत कोसळली आणि नवा लोहपक्षी तिच्याखाली गाडला गेला. "सुटलो!" कुणीतरी म्हणालं. पडदा काळा झाला. खुर्च्या धडाधड वाजल्या, लोक पाठ फिरवून दाराकडे निघाले.

त्या काळोखात पावलं वाजली.

धुरातून एक वाकलेला माणूस आला. जुनं, पोचे आलेलं शिरस्त्राण त्याने काढलं. आत पांढरी दाढी होती. जुन्या चित्रपटांतला तोच नट, वीस वर्षांनी थकलेला. निघालेले लोक होते तिथेच थबकले. ढिगाऱ्याखालच्या पोराला त्याने हात दिला.

"ऊठ. मी आलोय."

 थिएटरात छत उडून जाईल असा कल्ला उठला. शिट्ट्या, टाळ्या, दारातून माघारी धावणारी माणसं. टी-शर्टवाला खुर्चीवर चढून रडत ओरडत होता, "हाच! हाच तो आवाज!"

 राहवलं नाही वाटतं याला, भर थिएटरात स्वतःच बोलून गेला! त्याला गप्प करायला ती गर्रकन वळली.

नवऱ्याचे दोन्ही गाल पॉपकॉर्नने फुगलेले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पडद्यावरून त्याचा आवाज बोलतच होता.